सायकलच्या ट्यूबचा हात

नाना, आज मी सहावीच्या वर्गात तुमचा हात घेऊन गेले होते. तोच तो, टोमॅटोच्या खोक्याची दोन फळकुटं, कोपराच्या जागी नट-बोल्ट आणि पुढून-मागून सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या. मागची पट्टी मी आतापर्यंत दोनदा बदलली, पुढची अजून तुम्ही लावलेलीच आहे, कशी टिकली देव जाणे. धडा स्नायूंचा होता. मी फळकूट वर-खाली करून दाखवलं, पोरांनी बेटकुळ्या फुगवून एकमेकांच्या दाबून बघितल्या, सगळं दरवर्षीसारखं चाललं होतं. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या आजीला अर्धांगवायू झालाय, उजवा हात पार गेलाय, कितीही सांगितलं तरी बोटसुद्धा हलत नाही. "पण मॅडम, आजीनं जांभई दिली ना, की तो हात आपोआप वर येतो. मग त्याला कोण ओढतं?" मी काहीतरी उत्तर दिलं. मेंदूचा नेहमीचा रस्ता बंद पडला तरी जांभईबरोबर हुकूम दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यानं जात असावा, नक्की कसा ते मलाही ठाऊक नाही, असं. तिचं समाधान झालं आणि ती बसली. मी मात्र तास संपेपर्यंत तोच तो फळा पुसत राहिले.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. मला तुमच्याकडून एक उत्तर यायचं होतं, आणि ते आलं की नाही, हेच मला अजून कळलेलं नाही. माणूस गेला की हिशेब मिटतो म्हणतात लोक, माझं तर उलटच झालंय. म्हणून लिहायला बसले. नीट लागेल अशी आशा नाही, पण निदान क्रमानं तरी मांडून बघते.

मी स्वतः सहावीत होते तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडच्या ज्या शाळेत तुम्ही प्रयोगशाळेत परिचर होतात, त्याच शाळेत मी शिकत होते. पोरं तुम्हाला मामा म्हणायची, आणि मी वर्गात असताना तुम्ही दिसलात की मीही कधीकधी नजर चुकवायचे, हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी समजून चालते. त्या संध्याकाळी पंचवटीतल्या आपल्या त्या दीड खोलीत मी धडा पाठ करत होते. पुढचा स्नायू हात वर ढकलतो, असं मी मोठ्यानं म्हटलं, आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवला. पुस्तकात तसं नव्हतंच, मीच घाईत तसं समजून घेतलं होतं. तुम्ही चिडून म्हणालात, "दोरीनं कधी कुणी काही ढकललंय का गं? दोरी ओढते. स्नायू पण ओढतो, बाकी त्याला काही येत नाय." मग मला ओट्याशी उभं केलंत. हातात पाण्यानं भरलेला तांब्या दिलात, कोपर वाकवून धरायला लावलं आणि दुसऱ्या हातानं दंड चाचपायला सांगितलंत. पुढची बाजू दगडासारखी, मागची मऊ. मग तांब्या घेतलात आणि तळहातानं ओटा खाली दाब म्हणालात. आता मागची बाजू घट्ट आणि पुढची सैल. पुढचा ओढतो तेव्हा हात वाकतो, मागचा ओढतो तेव्हा सरळ होतो, आणि एक ओढत असताना दुसऱ्यानं सोडायचं असतं, एवढंच सगळं गुपित.

मी विचारलं, दोघांनी एकदम ओढलं तर? तुम्ही आईला हाक मारलीत. दोरीवरची वाळलेली चादर काढून एक टोक तिच्या हातात दिलंत, एक माझ्या, आणि दोघींनाही ओढायला सांगितलंत. चादर ताठ झाली आणि आम्ही दोघी जागच्या जागी. आई वैतागली, भाजी लागतेय म्हणाली, पण तुम्ही चादरीखालून वाकून पलीकडे गेलात आणि म्हणालात की मूठ आवळून हात ताठ धरला की दंडात हेच चालतं. दोन्ही बाजू आपला जोर लावतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हात नुसता थांबलाय. मला आजही ती चादर जशीच्या तशी दिसते, निळ्या चौकड्यांची, एका कोपऱ्यात इस्त्रीनं करपलेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून फुटलेलं खोकं आणलंत. मागची पट्टी काही केल्या हात सरळ करेना, कारण ती तुम्ही बोल्टच्या पुढे ठोकली होती. दोन रविवार त्यात गेले. मग स्वतःचं कोपर दाबत बसलात आणि एकदम हसलात. कोपराचं ते मागे आलेलं टोक उगाच दिलेलं नाही, पट्टी तिथे अडकवायची असते. शाळेत आमचे विज्ञानाचे सर रजेवर गेले तेव्हा तुम्ही तो हात घेऊन आमच्या वर्गावर आलात. मुख्याध्यापकांनी फक्त पोरांना गप्प बसवायला पाठवलं होतं, तुम्ही शिकवून टाकलंत. पोरं खूश होती, आणि मी मान खाली घालून बसले होते. मला लाज वाटत होती की अभिमान, याचा निकाल मी अजून लावू शकलेले नाही. मी शिक्षिका झाले ती त्याच तासामुळे, एवढं मात्र खरं.

आता दुसरी गोष्ट. माझं बी.एड. संपत आलं तेव्हा मी तुम्हाला त्याच्याबद्दल सांगितलं, लग्न करीन तर त्याच्याशीच म्हणून. तो अंबडला एका कारखान्यात मशीनवर होता. तो आपल्या जातीतला नव्हता. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. शाळेत तुम्ही कुणाच्याही डब्यातलं खायचात, कुणाच्याही कपातून चहा प्यायचात, त्यामुळे मला वाटलं होतं तुम्ही हो म्हणाल. तुम्ही ओरडला असतात तरी मला समजलं असतं. तुम्ही दोन्हीतलं काहीच केलं नाहीत. बराच वेळ स्टोव्हच्या पिना काडेपेटीत भरत बसलात आणि म्हणालात, "थांब जरा. मी सांगतो." मी थांबले. एक महिना, दोन महिने, तीन महिने. आत्या येऊन काय काय बोलून गेली, आई रडली, तुम्ही मात्र तेच, सांगतो. एकदा शाळा सुटल्यावर तुम्ही त्याच्या कॉलनीपर्यंत सायकल घेऊन गेला होतात म्हणे. त्याच्या आईनं पाहिलं होतं. तुम्ही कोपऱ्यावर उभे राहिलात आणि तसेच परत फिरलात. काय बघायला गेला होतात नाना?

आणि मग ती सकाळ. तुम्ही मोरीतून बाहेर आलात ते भिंत धरूनच. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सिव्हिलमधून घरी आणलं तेव्हा तुमचा उजवा हात कोपरात वाकून छातीशी चिकटलेला होता. मी रोज तो हळूहळू सरळ करायचे, सोडला की परत वाकायचा. पुढचा स्नायू ओढतच राहिला होता, त्याला सोड म्हणून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. डावा हात मात्र शाबूत होता. पेज नको असली की तुम्ही डाव्या हातानं वाटी दूर सारायचात. आत्यानं अंगारा लावायला घेतला तेव्हा तिचा हातही सारलात. म्हणजे नाही म्हणायची सोय तुमच्याकडे होती, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्याला मी घरी बोलावलं तो गुरुवार होता. आईनं आढेवेढे घेतले, मग म्हणाली, येऊ दे, बघू दे त्यांना एकदा. आत्याही मुद्दाम येऊन बसली होती. तो खाटेच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसला आणि मी उजव्या बाजूला खाली वाकून तुमच्या पाया पडले. पायावरून डोकं उचलून मी छातीपर्यंत आले, तेवढ्यात तो वाकडा, मेलेला हात हलला. आधी खांदा, मग कोपर, हात हळूहळू वर गेला, आणि क्षणभरानं खाली आला तो माझ्या डोक्यावर. उजवा हात, डोक्यावर. आईनं हंबरडाच फोडला. "दिला गं आशीर्वाद. सगळ्यांनी बघितलं ना?" आत्या तोंडाला पदर लावून उभी राहिली, आणि त्यानंतर या लग्नाविरुद्ध ती एक शब्द बोलली नाही.

पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. वर्षभरानं आम्ही नोंदणी करून लग्न केलं. तो तर ही गोष्ट अजून सांगतो. बारशात, शेजाऱ्यांच्या सत्यनारायणात, कारखान्यातल्या नव्या पोरांना सांगतो की माझ्या सासऱ्यांनी लुळा हात उचलून होकार दिला. आमच्या मुलीलाही पाठ आहे. तो सांगत असला की मी पोहे परतते, पाणी आणून देते, मान हलवते. मी पाहिलं होतं नाना. वाकले होते तरी मान वर होती. तुम्ही जांभई दिली होती. जांभईनं हात वर ओढला, जांभई संपली, ओढ सुटली आणि हात पडला. खाली माझं डोकं होतं म्हणून डोक्यावर पडला, उशी असती तर उशीवर पडला असता. तुम्हीच शिकवलंत ना, स्नायू फक्त ओढतो. कशासाठी ओढतो, हे त्याला विचारून उपयोग नसतो.

पण मग माझं गाडं परत अडतं. डावा हात होता की तुमचा. नको असतं तर त्यानं सारला असता, जशी पेज सारायचात. तो का नाही हलला? तुम्हाला काही समजत होतं की नव्हतं? हो म्हणायला तुमच्याकडे काही नव्हतं आणि नाही तुम्ही म्हटलं नाहीत, मग याचा अर्थ मी काय लावू? एका वर्षी मला वाटतं तुम्ही राजी होतात, पुढच्या वर्षी वाटतं तुम्हाला बिचाऱ्यांना नुसती झोप आली होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्या तोंडी शब्द घातले. त्याला पत्रात तुमचा जावई म्हणायचं की नाही, हेसुद्धा मला ठरवता येत नाही, बघा, इतका वेळ मी नुसतं तो म्हणतेय.

आज त्या मुलीच्या प्रश्नानं राहवलं नाही. संध्याकाळी तो घरी आला, चहा दिला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, त्या दिवशी नानांचा डावा हात कुठे होता? तू त्या बाजूला बसला होतास ना. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला की डाव्या हातानं तुम्ही त्याचं मनगट धरलं होतं. तो आत आल्यापासून, घट्ट. हे तो कधीच, कुणालाच बोलला नव्हता. मी विचारलं, जवळ ओढत होते की दूर सारत होते? "तेच तर मला कळलं नाही," तो म्हणाला. "हात ताठ होता. ना इकडे, ना तिकडे. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नाना नको म्हणत होते." त्याचं मनगट तो दुसऱ्या हातानं चोळत होता, जणू कालच सोडवलंय. म्हणजे तोही इतकी वर्षं उजव्या हाताचीच गोष्ट सांगत राहिला, कारण डाव्या हाताची त्याला उलगडत नव्हती.

मला ती चादर आठवली. दोघी ओढतायत आणि कुणीच हलत नाही. तुम्ही तसेच होतात का नाना, तीन महिने, त्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, आणि शेवटी खाटेवरही? असालही. की हेही मीच माझ्या सोयीनं लावून घेतेय? दर वेळी उत्तर हातात आलं असं वाटतं आणि नीट बघायला जावं तर ते माझंच निघतं.

हे पत्र मी त्या लाकडी हाताच्या पिशवीत ठेवणार आहे, पुढच्या वर्षी सहावीला काढेन तेव्हा दिसेल. त्याला वाचायला देणार नाही, कारण एक गोष्ट मी त्यालाही सांगितलेली नाही. अंबडची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. त्या गुरुवारी पाळी संपली की अंघोळ करून, कपडे बदलून पाच वाजता येतो, असं तो म्हणाला होता. मीच म्हणाले, नको, रजा टाक आणि अडीचलाच ये. का, ते त्यानं विचारलं नाही. पेज पिऊन झाली की अडीचच्या सुमाराला तुम्हाला जांभया यायला लागायच्या, आणि जांभईबरोबर तो हात वर यायचा. दुपारी तुमच्याजवळ मी एकटीच बसायचे, घरात हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.