स्तामातिसच्या खुर्चीच्या खोळी

मी, पोलिक्सेनी गात्झेली, कै. स्तामातिस गात्झेलिस यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा खुर्च्यांच्या खोळी शिवणे, राहणार व्होलोस, बंदरामागची गल्ली, दुसरा मजला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोकं मात्र स्वच्छ आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने सांगत आहे. लिहून घेणाऱ्या नोटरीबाईंनी मधलं बोलणं गाळू नये. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र आजपासून रद्द. का, ते पुढे येईल.

१. राहतं घर माझी मुलगी असिमिना हिला. ती जर्मनीत असते, घर विकेल, विकू दे. "आई, बाबांना कुठेतरी ठेव, तुझे हात बघ कसे झालेत," असं ती एकदा म्हणाली आणि मी फोन आपटला. तीन वर्षं बोलले नाही. ती माझ्या हातांबद्दल बोलत होती, हे मला उशिरा कळलं.

२. शिलाई मशीन, कातरी आणि खडूचा डबा दोम्नाला. एकोणीस वर्षं ती माझ्याबरोबर शिवते आहे. अट एकच: कापड आधी धुऊन आटवून घ्यायचं, मगच बेतायचं. जिला काही मिळतं तिला साक्षीदार होता येत नाही, असं नोटरीबाई म्हणाल्या. त्यावर दोम्ना म्हणाली, "मग सही राहू द्या, मशीन असू द्या."

३. बैठकीच्या खोलीतल्या दोन मखमली खुर्च्या माझ्या बापाने लग्नात दिल्या. ती खोली पाहुण्यांपुरती उघडायची. स्तामातिस बंदरावर क्रेन चालवायचा, वंगणाने माखून यायचा. जहाजं दिसणारी खिडकी नेमकी त्याच खोलीत. एकदा तो बसला.

"ऊठ! मखमल आहे ती!"

"पाच मिनिटं गं. जहाज लागतंय, बघतो."

"स्वयंपाकघरातून बघ."

"तिथून भिंत दिसते."

पण उठला. हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

सहासष्टाव्या वर्षी त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, लघवीवरचा ताबाही गेला. इस्पितळातून घरी आणला तर डाव्या हाताने त्या बंद दाराकडे बोट दाखवलं. मी दार उघडलं. आधी खुर्चीवर प्लास्टिक टाकलं. ते हलल्यावर चुरचुरायचं आणि तो शरमेने अंग चोरून बसायचा. म्हणून खोळी शिवल्या. आतून मेणकापड, वरून जाड सुती, निळ्या पट्ट्यांचं, चारचौघांच्या घरी असतं तसं. मागे लांब चेन, एका हिसक्यात निघणारी. अशा नऊ. सहा वर्षं दिवसातून तीनदा बदलल्या. गॅलरीतल्या दोरीवरून गल्लीला सगळं कळत होतं. कोणी चकार शब्द काढला नाही.

तो गेल्यावर खोळ काढली. मखमल नवीकोरी. तिच्यावर कातर चालवावीशी वाटली.

दोन्ही खुर्च्या बंदर कामगारांच्या खोलीत द्याव्यात. कामाच्या कपड्यांनिशी बसावं, कोणाला उठवू नये. त्या नऊ खोळी धुऊन धुऊन विरल्या आहेत, त्यांची फडकी करावीत.

४. माझी नणंद इव्हान्थिया. स्तामातिसच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, तीन फेब्रुवारीला, घर पाहुण्यांनी भरलं होतं. खोळीच्या कडेने दोन थेंब फरशीवर पडले. हातात गोडाची बशी घेऊन ती सगळ्यांदेखत म्हणाली, "याची लाज गेली, तुझी कुठे गेली? बैठकीत मुतायला बसवलंयस? पलंगाला बांध त्याला!"

त्याची वाचा गेली होती, कान शाबूत होते. मी तिच्या हातातली बशी काढून घेतली. "इव्हान्थिया, चालू लाग."

त्यानंतर दार कोणी वाजवलं की तो मला हाताने खुणावायचा, आत ने. पुढची दोन वर्षं माणसांत बसला नाही. मग गेला. त्याच्या मातीला आलेल्या इव्हान्थियाशी मी बोलले नाही, आणि माझ्या मातीला तिने येऊ नये, असं जुन्या मृत्युपत्रात लिहवून घेतलं. अकरा वर्षं ते तसंच होतं.

गेल्या महिन्यात तिची सून रोदान्थी दारात उभी राहिली. "सासूबाई पलंगावरून उठत नाहीत, काकू. कोणाला खोलीत येऊ देत नाहीत. त्यांनी नाही बोलावलं तुम्हाला, मीच आले."

जायचं नव्हतं. गेले. मला बघून इव्हान्थियाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिच्या खुर्चीची मापं घेतली: पाठ, बैठक, हात. टेप गुंडाळत होते, तेव्हा ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली, "पोलिक्सेनी, कापड गडद घे. दिसू नये."

ते कलम रद्द. तिने यावं, येववलं तर.

५. तिच्या दोन खोळी शिवून दिल्या. तिसरीचे हात जोडायचे राहिले आहेत. मी आधी गेले तर दोम्नाने ती पुरी करावी. तपकिरी दोरा डब्यात आहे. आणि रोदान्थीला नीट दाखवावं: खोळ बदलताना सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही. हात चालू ठेवायचे आणि बोलत राहायचं, मासळी महागल्याचं, शेजारणीच्या मांजराचं, कशाचंही.

वाचून दाखवलं, ऐकलं, माझंच आहे.

सही: पोलिक्सेनी गात्झेली

साक्षीदार: थ्रासिव्हुलोस मानेसिस, बेकरीवाला, क्लिओ दाल्लारी, औषधविक्रेती, आर्गिरिस पेत्सास, निवृत्त क्रेनचालक
नोटरी: मेल्पोमेनी स्काफिदा

व्होलोस, १४ नोव्हेंबर २०१९