गच्चीवरचा क्रूस आणि तीन वर्षांची हमी

पुएब्ला, सोमवार, १४ जून २००४
सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. आईच्या खाटेशेजारी बादली लावून थेंब मोजत आहे.

ती. फाउस्तिनो मामांस,
सा. न. वि. वि.

मिनिटाला बावीस पडत आहेत. शनिवारी अठरा होते. आईची खाट भिंतीपासून दीड हात पुढे आली आहे, अजून सरकवली तर ती स्वयंपाकघरात झोपेल. तिला खोकला लागला आहे. तो ओलीमुळे नाही असे ती म्हणते, कारण घराला नावे ठेवलेली तिला चालत नाहीत.

घराबरोबर कंपनीने हमीची पुस्तिका दिली होती, ती मी काल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. रंग आणि दारे एक वर्ष, नळ आणि वीज दोन, गच्चीची गळती तीन, पाया आणि भिंती दहा. किल्ल्या आम्हाला २८ जून २००१ ला मिळाल्या. म्हणजे गळतीच्या हमीचे चौदा दिवस उरले आहेत. मी गेल्या आठवड्यात तोंडी तक्रार केली आणि शुक्रवारी कंपनीचे इंजिनिअर किरोझ आले, पांढरे बूट घालून. गच्चीवर चार मिनिटे होते.

गच्चीच्या कठड्याशी एक लाकडी क्रूस उभा आहे. त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, हा कोणाचा. आई जिन्यातूनच म्हणाली, आमचाच, आणखी कोणाचा? दर तीन मेला मी त्याला कागदी फुले बांधते. साहेबांनी ते लगेच लिहून घेतले. म्हणे मालकाने स्लॅबला भोक पाडून क्रूस रोवला, आणि मालकाने फेरफार केला की गच्चीची हमी रद्द. पान नऊ पाहा म्हणाले. पाहिले. पान नऊवर तसेच आहे.

मग आवाज मऊ करून त्यांनी एक कागद पुढे केला. गळती क्रूसामुळे झाली असे मान्य करून सही केली, तर कंपनी मेहेरबानी म्हणून अर्ध्या दराने, चार हजार सहाशे पेसोंत, गच्चीवर नवा थर घालून देईल. सूतगिरणीत मला महिन्याला तीन हजार मिळतात. उत्तर पुढच्या सोमवारी द्यायचे आहे. क्रूस गुपचूप काढून टाकावा असेही मनात आले, पण आई म्हणते, आधी मला घराबाहेर काढ. मामा, सही करू का? तुम्ही चाळीस वर्षे गवंडीकाम केलेत, म्हणून विचारतो.

तुमची माया तरी गळकी नाही, ती तशीच असू द्यावी.

आपला भाचा,
नेमेसिओ

ता. क. आता चोवीस झाले.

सान बेर्नाबे, गुरुवार, १७ जून

चि. नेमेसिओस,
अनेक आशीर्वाद. आणि एक टपली.

थेंब काय मोजतोस? पाऊस तुला पावती देणार आहे का? तुझं पत्र बसवाल्यानं काल दिलं, उत्तर त्याच्याच हाती पाठवतो आहे. सही करायची नाही. क्रूसाला हात लावायचा नाही. ही दोन वाक्यं भिंतीवर लिहून ठेव. रंगाची हमी तशीही संपली आहे.

आता मला सांग, शहाण्या, तो क्रूस तू रोवलास? तुला साधा खिळा ठोकता येत नाही. तुझ्या आईच्या लग्नाचा फोटो तू लावलास तो तासाभरात माझ्या डोक्यावर पडला होता. मग स्लॅबला भोक पाडून, सिमेंट भरून, ओळंब्यात क्रूस उभा करणारा हा कारागीर तुमच्या घरात कोण?

तीन मे हा कोणाचा दिवस? गवंड्यांचा. त्या दिवशी देशातल्या प्रत्येक बांधकामावर क्रूस चढतो. मुकादम कोंबडीचं झणझणीत मोले खाऊ घालतो, फटाके उडतात, आणि दुपारनंतर एकही वीट सरळ बसत नाही. क्रूस न लावता स्लॅबवर पाय ठेवणारा गवंडी मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. आणि तुम्हाला किल्ल्या कधी मिळाल्या? जूनच्या अठ्ठाविसाला. तुम्ही गेलात तेव्हा तो वर उभाच असणार. तुझ्या आईनं त्याला फुलं बांधली आणि तो तिचा झाला. तिचं लहानपणापासून असंच. दारात आलेली शेळीसुद्धा तिचीच. आमचाच म्हणाली! तो पांढऱ्या बुटांचा त्याच वाक्यासाठी गावभर हिंडत असेल.

क्रूस म्हणजे तुझा साक्षीदार आहे, आणि तू साक्षीदाराला उपटायला निघालास. फुलं सोड आणि मागची बाजू बघ. आम्ही टोळीचं नाव आणि तारीख घालतो. आणि किरोझसाहेबाला माझ्यातर्फे विचार, पाणी चढ चढतं का? क्रूस कठड्याशी उंचवट्यावर, पाणी साचतं सखलात, आणि गळतं आईच्या खाटेवर.

तोंडी एक शब्द बोलू नकोस. तोंडी तक्रार वाऱ्याची. अर्ज लिही, दोन प्रती काढ, तुझ्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घे. तुझं अक्षर चांगलं आहे, एवढ्या वर्षांत एकदा तरी उपयोगी पडू दे.

तुझ्या आईला, एदुविहेसला म्हणावं, खोकला ओलीचाच आहे. मोठा भाऊ सांगतो आहे, ऐक.

टपली विसर, आशीर्वाद ठेव.
तुझा मामा

पुएब्ला, मंगळवार, २९ जून २००४
सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. त्याच खाटेशेजारी बसलो आहे. बादली कोरडी आहे.

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सगळे क्रमाने लिहितो.

क्रूस वरच होता हे आईला तुमचे पत्र वाचून आठवले. म्हणाली, हो की, आपण आलो तेव्हा त्याला वाळकी फुले होती, मला बिचाऱ्याची दया आली. फुले सोडण्याआधी तिने मला प्रार्थना म्हणायला लावली. मागे लिहिले होते, उबाल्दोची टोळी, घर सत्तेचाळीस, ३ मे २००१. आणि मामा, ते लाकूड कंपनीच्याच सेंट्रिंगच्या फळीचे आहे. कंपनीचा छाप अर्धा आडव्या भुजेवर आणि अर्धा उभ्या दांड्यावर आहे.

उत्तर द्यायच्या सोमवारी कंपनीच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. किरोझ साहेब म्हणाले, तारीख काय, कोणीही लिहील. मी म्हटले, छापही कोणीही मारील काय? ते म्हणाले, पण तुमच्या आईनेच कबूल केले आहे. तेव्हा आई, जिला मी घरी थांबायला सांगितले होते, आमच्या ओळीतल्या अकरा बायका घेऊन आत आली. अकराहीजणींच्या घरी त्याच तारखेचा क्रूस, अकराहीजणींच्या घरी गळती, आणि प्रत्येकीने अभिमानाने सांगितलेले, आमचाच! चौघींच्या मुलांनी तर त्या कागदावर सही करून पैसेही भरले होते. आईने विचारले, आमच्या गल्लीत एकाच दिवशी बारा घरांना वेड लागले का, साहेब? साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच ओठांना लावला. शिक्का मिळाला, २१ जून. त्या चौघांचे अर्ज आता मीच लिहून देत आहे.

काल, शेवटच्या दिवशी, दुरुस्तीची टोळी आली. साहेबांचा हुकूम होता की क्रूस काढल्याशिवाय काम सुरू करू नये. मुकादम वर गेला, क्रूसाकडे पाहिले, टोपी काढली. तो उबाल्दोच होता. म्हणाला, ज्याला हा काढायचा आहे त्याने स्वतः शिडी चढावी, मी लावलेला मी काढणार नाही. साहेब खालूनच घड्याळ पाहून निघून गेले. क्रूसाच्या बुडाशी हाडासारखे कोरडे होते. थर उकरल्यावर उबाल्दोने त्याची जाडी बोटाने मोजली. मग म्हणाला, डांबराचे दोन थर ठरले होते, साहित्य एकाचेच आले होते. त्यांनी काल दोन्ही घातले. आईने त्यांना मोले करून वाढले. मी म्हटले, जेवण कंपनीने द्यायला हवे. ती म्हणाली, मग कंपनीच्या हातचे तूच खा.

आईच्या खाटेवर छताला मोठा पिवळा डाग राहिला आहे. तो घालवा म्हटले तर कार्यालयातून उत्तर आले की डाग रंगात मोडतो, आणि रंगाची हमी एकच वर्ष होती. पाणी त्यांचे, डाग आमचा. दुसरा अर्ज लिहून ठेवला आहे, दोन प्रतींत.

आई खाट मागे सरकवून झोपली आहे. रात्री एकदाच खोकली.

टपली मिळाली, पोचली. आशीर्वादही पोचत राहावेत.

आपला भाचा,
नेमेसिओ

खर्च: बस, चार खेपा, अठरा पेसो. झेरॉक्स सहा. मोलेसाठी कोंबडी आणि मिरच्या, एकशे बारा. नवी कागदी फुले, नऊ. एकूण एकशे पंचेचाळीस.
देणे: कंपनीला काही नाही. उबाल्दोला पुढच्या तीन मेचे जेवण. क्रूसाला रंगाचा एक हात, त्याची हमी आम्ही देतो.