वस्त्रगाळ हळद आणि सोजराची नात

२ मार्च
बसथांब्यावर फ्लेक्स लागला. माझ्या धाकट्या जावंची, सोजराची, नात प्रतिक्षा. पुण्यात कॅन्सरवर शोध लावून राहिली म्हणं. कोपऱ्यात सोजराबी हाय, गॉगल घालून. मोतीबिंदूचा काळा चष्मा हाय तो, मला म्हाईत हाय.
मला काय त्याचं. माझा सोमेश्वर वारंगा फाट्यावर पंक्चर काढतो. भोक शोधणं हाबी शोधच.
काखेतली गाठ हाय तशीच. दिवाळीपासून. घामाची असंल.

४ मार्च
शाळेत प्रतिक्षाचा सत्कार. पोरगीनं सांगितलं, प्लास्टिकसारख्या वस्तूचे कण, केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक. सुईनं अंगात सोडायचे. ते गाठीत जाऊन बसतात. वरून खास उजेड टाकला की तापतात. गाठ शेकून मरती, बाकी अंग थंड.
यात नवीन काय? शेक तर माझी आजीबी द्यायची. तिचा फ्लेक्स कुणी लावला न्हाई.
उठून विचारलं, आतापर्यंत कुणाकुणाची गाठ मेली? म्हणली, मोठी आजी, अजून उंदरांवरच चालू हाय, माणसापर्यंत यायला लई वर्षं लागतील. मी म्हणलं, म्हंजे ही शाल उंदरांकडून! सगळी शाळा हसली. सोजरा सोडून.
उंदरांना पुण्यात एसी खोली, खुराक, रोज तपासणी. मला चार महिन्यात कुणी विचारलं न्हाई. मी कुणाला सांगितलं न्हाई, ते अलग.

५ मार्च, सकाळी ७
निश्चय. आपणच करायचं. गाठ जिरवायची अन् सोजरापुढं हात वर करून दाखवायचा.
औंदाची हळद कुटली, मलमलीतून पाच वेळा वस्त्रगाळ केली. पुण्यात याहून बारीक काय असणार? लेप लावला. वरून मोबाइलची बॅटरी, दहा मिनिटं.
गाठ तापली न्हाई. मोबाइल तापला.

८ मार्च
उजेड कमी पडून राहिला. खळ्यावर हळद वाळू घातली हाय, तिथंच उन्हात हात वर करून बसले. रस्त्यानं ग्यानोबा चालले होते, बायको वारल्यापासून एकटेच राहतात ते. त्यांना वाटलं मी बोलवून राहिले. आले. चहा पाजून लावून दिलं.

९ मार्च
झंपर पिवळा. साबण हरला. दोरीवर सोजरानं पाहिला. कुडावरून म्हणली, काय अक्का, हळद लागली का काय? काल ग्यानोबा खळ्यावर दिसले, काहून आल्ते?
नवरा जाऊन बारा वर्षं झालेल्या बाईला हळद! पण खरं सांगावं तर गाठ सांगावी लागती. म्हणलं, व्हय, मुहूर्त पाहून राहिलो. करवली तूच.
तिचं तोंड! त्या खुशीत गाठ विसरले. सांजेपर्यंत.

११ मार्च
गावभर झालं. ग्यानोबांनी दाढी केली. सोमेश्वरचा फोन, आई हे काय ऐकून राहिलो मी?
उजेडाचा नाद सोडला. वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, सरळ शेक. माझा शोध पुढं गेला.

१२ मार्च
फोड आला, लिंबाएवढा. गाठ जागच्या जागी. हात खाली येईना. तसाच वर धरून पाण्याला गेले तर समदे राम राम घालून राहिले.
दुपारी सोजरा कालवण घेऊन आली, संगं प्रतिक्षा. पोरगीनं झंपर सरकवून पाहिलं. हसली न्हाई. कधीपासून, म्हणली. दिवाळी, म्हणलं. मग बोलून गेले, तुझ्या पिशवीत हायेत का गं ते कण? उंदराला देतीस तेवढेच दे.
पोरगीचे डोळे भरले. म्हणली, माणसाला द्यायला माझ्याकडं काहीच न्हाई. आधी गाठ कशाची ते कळू द्या. उद्या नांदेड.
सोजरानं आपल्या हातानं मला घास भरवला. हे लई वंगाळ लक्षण.

१३ मार्च
नांदेड. गाठीत सुई घालून तपासायला घेतलं. रिपोर्ट सोमवारी.
सोजरानं यायची गरज न्हवती. आली. जीपमधी माझा चांगला हात धरून बसली. घामानं चिप्प. सोडवला न्हाई. जागा कमी होती.

१५ मार्च
जेवण जाईना. कालवण खारट होतं म्हणून.

१७ मार्च
चरबीची गाठ. कॅन्सर न्हाई. औषधबी न्हाई. मलम दिलं ते फोडाला. डॉक्टर म्हणले, गाठीनं तुमचं काही वाकडं केलं नव्हतं, तुम्हीच तिला भाजलं.
सोजरा दवाखान्यातच मोठ्यानं रडली. येताना फाट्यावर चहाच्या हॉटेलात समद्यांना सांगितलं, आमच्या प्रतिक्षानं अक्काला वाचवलं. कशातून वाचवलं? चरबीतून!
ग्यानोबा पेढे घेऊन आले. मुहूर्ताचं काही बोलले न्हाईत. दाढी वाढली होती.

१८ मार्च
मलम दिवसातून दोनदा लावायचं. माझा हात पोचत न्हाई. सोजरा येऊन लावती. लावता लावता प्रतिक्षाचं एक एक सांगती. आज सकाळी पहिली ते चौथीचे मार्क झाले.
हात वर धरून ऐकावं लागतं. डॉक्टरनं चौदा दिवस सांगितलेत.