कॅलेंडरवरचं गुटगुटीत बाळ

मंगळवार, वाघोली

आज सकाळी पूजा करून औषधाचं दुकान उघडलं आणि बाळांच्या दूध-पावडरवाल्याने दिलेलं कॅलेंडर भिंतीवर लावलं. एकादश्या ठळक छापल्यात, एवढंच मी पाहिलं. आणि वरचं, पावडरच्या डब्याशेजारचं गुटगुटीत बाळ? अशी जाहिरात कायद्याने बंद आहे, हे मला ठाऊक नाही का?

दुपारी समोरच्या इमारतीतली सून दोन महिन्यांचं लेकरू घेऊन आली. बोट त्या चित्रावर. "काका, सासूबाई म्हणतात, माझं दूध पातळ आहे. हाच डबा द्या." मी दिला. डॉक्टरांना विचारलं का, एवढंही बोललो नाही.

मग स्वतःवरच चिडत राहिलो. शेवटी कॅलेंडर फाडलं, बायकोला घेऊन त्या सुनेच्या घरी गेलो. आधी दवाखान्यातल्या नर्सबाईंना दाखव, असं हिने तिला समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "विकलेला माल घरी येऊन परत नेणारे दुकानदार तुम्हीच पहिले!"

डबा अजून फोडला नव्हता. पैसे परत केले आणि तो घेऊनच उठलो.