राखणीचं कुत्रं

गोजावैनी,

दादाच्या लिव्हरातली गाठ दारूची न्हाय. हितं सोलापुरात दाक्तरांनी आज सांगितलं, मूळ रोग आतड्यात हाय, तितनं लिव्हरात पसरलाय. तुमाला लगीच फोन करायचा हुता, पर तोंड उघडंना, म्हून लिहितोय.

मी इचारलं, "अंगात रोगाशी लढाया कुणीच नव्हतं व्हय?" दाक्तर म्हणाले, "लढणाऱ्या पेशी गाठीजवळच बसल्यात, पण गप्प. खाल्लेलं सगळं आतड्यातून लिव्हरमध्ये येतं. रोज परकं बघून तिथल्या पेशींना ते सोसायची सवय असते. गाठ त्याचाच फायदा घेते."

मला आपला काळ्या आठवला. मेंढरांच्या तळावर येईल त्याच्या हातची भाकरी खाऊन त्यो भुंकायचं इसरला, आन लांडग्यानं कोकरू नेलं. तवा मी त्याला काठीनं लई बडवला.

दादा पिवळा पडला तवा गाव म्हणालं, पितोय. मग तुमाला तळावर घोंगड्याखाली बाटली घावली. ती माजी हुती, वैनी. मी तितंच हुबा हुतो. दादानं माज्याकडं बघितलं आन म्हणाला, "व्हय, माजीच हाय." माजं ठरलेलं लगीन मोडंल म्हून. तुमी रडत माहेरी गेला, तरी मी गप्पच.

आज सकाळधरनं दादा इचारतोय, "गोजा आली का?" मी म्हणतो, "एसटी चुकली आसंल." आन तुमाला बलावणारा ह्यो कागद अजून माज्या हातातच हाय.

काळ्याला मी मारलं, वैनी. मला अजून कुणी हातबी लावला न्हाय.

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा दीर,
बिरुदेव