उरलेल्या पाण्यात धुतलेला फोटो

नाना, तुमच्या फोटो स्टुडिओच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. परवा औरंगपुऱ्यात रिक्षातून उतरले आणि सवयीनं त्या पायरीकडे वळले, तर आतला माणूस म्हणाला, "क्या होना मॅडम?" काही नको म्हणून परत फिरले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडावंसं वाटतंय ते आत्ता. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही. भांडण फोटोचं आहे, पण सुरुवात एका पायापासून करावी लागेल.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही. तुम्ही लोकांना "पोरगी उजेडाचं शिकायली" एवढंच सांगायचात, आणि ते काही खोटं नव्हतं. इथल्या एका दवाखान्यात मधुमेहानं पाय चिघळलेली माणसं येतात. आम्ही त्या पायावर वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकतो. कातडीत शिरून परत येणाऱ्या उजेडात कुठला रंग किती कमी झाला यावरून आतलं मांस जिवंत आहे का, तिथवर रक्त पोचतंय का, याचं चित्र पडद्यावर उमटतं. सुई नाही, चिरा नाही. जिवंत भाग लाल दिसतो, मेलेला निळा. कुठून कापायचं हे ठरवताना डॉक्टर ते चित्र बघतात. हे यंत्र मी माझ्या हातांनी जुळवलंय, आणि त्याचं कौतुक मला पोटच्या पोरासारखं होतं.

गेल्या महिन्यात सिल्लोडकडची एक बाई आली. माझ्याहून थोडी मोठी, सगळा जन्म कापूस वेचण्यात गेलेला, रंगानं माझ्यासारखीच काळी, उलट थोडी उजळच. पायाचा अंगठा सडला होता. पडद्यावर मात्र घोट्यापर्यंतचा पाय निळा आला. डॉक्टरांनी पेनानं घोट्याच्या वर रेघ मारली. पाय खाली ठेवायला मी हात लावला, तर तो चांगला ऊबदार. मी म्हटलं, डॉक्टर, एकदा जुन्या पद्धतीनं पायाची नाडी बघता का? त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बघितली. नाडी होती. शेवटी अंगठाच काढावा लागला, पाय राहिला. आमचं सगळं बोलणं बाईनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "माझा पाय काळा हाय म्हनून मशीनला दिसंना व्हय?" मी पडदा बंद केला. "लहानपनापासून समदे म्हनत्यात, आता मशीन बी म्हनाया लागलं," असं म्हणून ती हसली. मला काही हसू आलं नाही.

बाईचं खरं होतं. आमच्या यंत्राचा हिरवा उजेड काळी कातडी वरच्यावर पिऊन टाकते. आतून काहीच परत येत नाही, आणि यंत्र समजतं की आत रक्तच नाही. आम्ही ते आधी तपासलं ते प्रयोगशाळेतल्या आमच्याच माणसांच्या पायांवर, आणि ती बहुतेक उजळ. लाल आणि त्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड वापरला तर चूक बरीच कमी होईल, पण मग यंत्र पुन्हा पहिल्यापासून घडवायला हवं. आमचे सर म्हणतात, तेवढी सवड नाही. "असे दोन-चार पाय अहवालातून वगळा ना मॅडम. चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे." अहवालावर सही माझी लागते. ती झाली की यंत्र तालुक्यांच्या दवाखान्यांत जाईल, आणि तिथं दर वेळी पायाला हात लावून बघायला कुणी असेलच असं नाही.

चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे, हे ऐकलं आणि तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. तो दुष्काळाचा उन्हाळा. नळाला पाणी नाही, स्टुडिओच्या हौदाचा तळ दिसतोय. स्थळांना पाठवायला माझा फोटो काढलाय आणि तुम्ही काचेवर निगेटिव्ह ठेवून त्यावर वाकलात. पेन्सिलीला सुईसारखं टोक. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की प्रिंटमध्ये तिथं उजेड येतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. तुम्ही माझे गाल भरताय, कपाळ भरताय. मी विचारते, "नाना, मी अशी दिसते का?" तुम्ही मान वर करत नाही. "नाय दिसत. पण फोटो बघून मानसं दारात तर येतील. पुढचं तुझं तू बघ, बोलायला लई हुशार हायेस." मग प्रिंट धुवायची वेळ येते. प्रिंटच्या अंगावरचं औषध नीट गेलं नाही तर फोटो पुढे पिवळा पडतो, म्हणून मी ताज्या पाण्याचा तांब्या उचलते. तुम्ही ओरडता, "ठेव ते! गिऱ्हाइकाचे आधी." त्यांचे धुवून उरलेल्या पाण्यात माझा बुडवता. पिवळा पडेल ना, मी म्हणते. "पडू दे. लग्न होईस्तोवर टिकला म्हंजे झालं."

माणसं दारात आली. मुलाच्या आईनं फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. पोहे खाल्ले, कळवतो म्हणाल्या आणि गेल्या. तुम्ही फोटो धुवायच्या लाल दिव्याच्या खोलीत जाऊन बसलात. मी चहा आणून दिला. तुम्ही केतकी गोरे, मी आईवर गेलेली. पण कप घेताना त्या लाल उजेडात तुमचा हात आणि माझा हात जवळजवळ एकाच रंगाचे दिसले. काळी कातडी लाल उजेडाला फारशी अडवत नाही, हे मी पुस्तकात वाचलं ते कितीतरी नंतर. पुढे माझं लग्न झालं, ते ज्यानं तो फोटो बघितलाच नव्हता अशा माणसाशी.

तुम्ही जे केलंत ते मायेपोटी केलंत, मला कळतं. म्हणूनच राग कुठं ठेवावा ते कळत नाही. सरांवर चिडणं सोपं आहे. पण तुम्ही फोटोतून मला पुसलंत, आणि माझंच यंत्र त्या बाईचा पाय पुसायला निघालं होतं, हे काही केल्या मनातून जात नाही.

यंदाही पाऊस नाही. गारखेड्यात तुमच्या वेळी जिथं ज्वारी होती तिथं आमची इमारत आहे, आणि खाली टँकर आला की सगळे बादल्या घेऊन धावतात. अहवालात मी एक वाक्य घातलंय: काळ्या कातडीवर हे यंत्र जिवंत मांस मेलेलं दाखवतं. ते राहिलं तरच सही करीन, असं सरांना सांगितलं. ते म्हणाले, मग काम बंद पडेल. पडेलही. मला भीती वाटते, नाना, पण वाक्य मी काढणार नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुम्ही काढलेल्या माझ्या त्या फोटोच्या मागे ठेवून देते. फोटो आधी पिवळा झाला, मग तांबूस. तुम्ही गालांवर आणलेला उजेड आता जवळपास माझ्याच रंगावर आलाय. भिंतीवर होता तो. ऊन लागून आणखी काळा पडू नये म्हणून मी तो काढून कपाटात ठेवलाय. कुणाला सांगितलेलं नाही. थोडी गोरी मी अजून उरलेय त्यात, ती मधूनमधून काढून बघते.