बादशहाच्या खुर्चीबद्दल विहीणबाईंना खुलासा

गोंदिया, मार्गशीर्ष, अवसेचा दुसरा दिवस

चिचगड मुक्कामी सौभाग्यवती विहीणबाई सुलोचनाबाई यांना देवकाबाईचा दोन्ही हात जोडून रामराम. (मुलाच्या आईनं आधी हात जोडायचे नसतात, पण पत्रात कोण बघायला येतो.) तुमचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा कडू लागतो म्हणून फेकून देत असाल तर बसा खोकत. व्याहीबुवांना बरं असो. इकडे तुमची लेक शामकला खुशाल आहे. भात अजून चिकटच करते, पण त्यात तिचा दोष काढत नाही. मी तुमच्याकडे जेवली आहे.

पत्रास कारण की तुमच्या केवलराम गड्यानं निरोप आणला. माघात तुम्ही आठ बाया घेऊन जगन्नाथपुरीला जाता, आणि विहीणबाईंना, म्हणजे मला, मात्र न्यायचं नाही, काऊन तर त्यांनी कलकत्त्याला मोठ्या गिरजाघरात तमाशा केला. हे तुमच्या जावयानं, म्हणजे माझ्याच पोटच्या भैय्यालालनं, तुमच्या कानावर घातलं. त्यानं अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी लिहून राहिली. शाळेत मी दीड वर्षच गेली, तेव्हा अक्षर वाकडं दिसंल, मजकूर सरळ आहे.

भैय्यालाल लाखेच्या सौद्याला निघाला तेव्हा म्हणाला, माय चल, गंगा घडवतो, कालीमाय दाखवतो. दोन्ही झालं. (गंगेचं पाणी आपल्या वैनगंगेपेक्षा गढूळ आहे, पण हे पुरीत कोणाला सांगू नका.) तिसऱ्या दिवशी त्याचा आडत्या ईश्वरदास म्हणाला, कलकत्त्याला येऊन लाटसाहेबांचं गिरजाघर नाही पाहिलं तर काय पाहिलं, आत कोणालाही सोडतात. मी म्हटलं चला, देव कोणाचा का असेना, घर तर पाहू.

दारात मी वहाणा काढल्या आणि भैय्यालाललाही काढायला लावल्या. दरवान हात हलवून सांगून राहिला की घालूनच जा. म्हणजे टोपी काढायची आणि जोडे पायातच ठेवायचे! आमच्या दोन जोड्या तेवढ्या दाराशी, बाकी सगळी दुनिया चिखलासकट आत. घंटा शोधली तर ती वर मनोऱ्यात, तिथं हात पोचायला माणूस ताडावर चढणारा पाहिजे. देवाला आपण आल्याचं कळावं कसं? मी दोन टाळ्या वाजवल्या. त्या आत अशा घुमल्या की चार साहेब एकदम वळून पाहू लागले, आणि भैय्यालाल एका खांबाआड गेला. तमाशा म्हणतो तो इथून सुरू होतो, पण टाळी मी हळूच वाजवली होती. घर पोकळ बांधलं त्याला मी काय करू?

घर मात्र उंच, विहीणबाई. तुमचा आमचा गुरांचा वाडगा धरून सारं गोंदिया आत बसंल आणि वर पाखरांना जागा उरंल. खिडक्यांना रंगीत काचा, त्यातून उजेड पडला की माझं पांढरं लुगडं लाल-निळं. (विधवेला फुकटात रंग चढला, म्हटलं असू दे.) एक पेटी पाहिली, भाताच्या गिरणीएवढी. एक जण बसून तिचा एकच सूर तासभर दाबून राहिला होता. गिरणी बरी, तिच्यातून तांदूळ तरी पडतो. दगडाचा एक साहेब दगडाच्या उशीवर निजला होता, छातीवर हात जोडून. मेल्यावर का होईना, जोडले. खाली फरशीवर अक्षरं कोरलेली. भैय्यालाल वाचून म्हणाला, याच्याखाली कर्नल आहे, त्याच्याखाली त्याची बायको. मग काय, मेलेल्या माणसावर पाय कसा द्यावा? मी मधल्या फटीफटीतून पाय टाकत गेली. तुमचा जावई म्हणतो माय नाचली.

आता खुर्ची. बाजूला पितळेच्या जाळीची एक खोली आहे, राजघराण्याच्या पूजेची. आत एकच खुर्ची, लाल मखमलीची, वर मुकुट, समोर दोरी. दर्शन झाल्यावर देवळात घटकाभर टेकल्याशिवाय निघू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण टेकू कुठं? फरशीखाली कर्नल, आणि बाकांना त्या दिवशी ओलं वार्निश. मी दोरी उचलली आणि बसली. पाय खाली पोचत ना, म्हणून मांडी घातली. रिकामं काय बसायचं म्हणून बटवा काढून सुपारी कातरली.

तेवढ्यात काळा झगा घातलेला एक म्हातारा धावत आला. आपल्याच रंगाचा होता, हिंदीत बोलला.

"माताजी, उठो! ये बादशहा की कुर्सी है!"

"कुठं आहे बादशहा?"

"विलायत में."

"इथं कधी बसला?"

"एक बार भी नहीं."

"मग तो येईपर्यंत बसते. आला की उठीन, भांडणार नाही."

भैय्यालाल हात जोडून म्हणून राहिला, "माय, उठ ना वं, जेलात नेतीन!" म्हटलं, "कोणत्या कलमाखाली? बसण्याच्या?" एवढ्यात दोन मडमा घर पाहायला आल्या. त्यांना वाटलं कुठली राणीच आहे. एकीनं गुडघे वाकवून मान झुकवली. मी हात वर करून म्हटलं, पोरंबाळं होवोत. शेवटी मोठा पाद्री आला, पांढऱ्या दाढीचा. मी सांगितलं तसं झगेवाल्यानं त्याला समजावलं की ही दर्शनानंतर बसली आहे. पाद्री हसला आणि खुर्चीखालच्या पायरीवर माझ्यासमोर बसला, मोडक्या हिंदीत विचारलं, घर कैसा लगा? मी म्हटलं, चांगलं आहे, पण प्रसाद नाही. सुपारी दिली, ती त्यानं खाल्ली. हाच तो तमाशा. ज्याचं घर तो हसला, आणि ज्याची माय तो तोंड लपवून राहिला.

तेव्हा तुम्हीच निवाडा करा. बाकी मी पुरीला येणार नाही. तुम्ही पायघड्या घातल्या तरी नाही. निरोपानं नाकारलेल्या जागी देवकाबाई जात नाही. व्याहीबुवांना रामराम, लहानांना गालगुच्चे.

तुमची विहीण,
देवकाबाई

ता.क. गाडीत डब्याच्या दारापासून दूरची जागा धरा. मला वारा सोसत नाही.

ता.क. दुसरा. शामकला निजली आहे म्हणून लिहिते. दर्शनानंतर टेकायचं हे खरं, पण त्या दिवशी मी त्यासाठी बसली नव्हती. फटीफटीतून चालता चालता गुडघे गेले. उभं राहवेना, आणि बसल्यावर उठवेना. पाद्री आला नसता तर मी अजून तिथंच राज्य करत असती. त्यानंच हात देऊन उठवलं. भैय्यालालला माय अडेल वाटली, ते बरं झालं. खरं कळलं तर तो पुरी सोडाच, नळावरही जाऊ देणार नाही. जगन्नाथाला बावीस पायऱ्या आहेत म्हणतात. यंदा चढीन. पुढच्या वर्षीचं सांगत नाही.

ता.क. तिसरा. शामकलेच्या लग्नात मांडवाची एकच पायरी चढताना तुम्ही दोनदा खांब धरला, तो मी पाहिला होता आणि कोणाला बोलली नाही. पुरीला दोघी एकमेकींचा हात धरून चढू. बाकीच्या आठ जणींना वाटंल, विहिणीविहिणींत काय माया आहे!